समोर जमलेली टोळी, आपण एकटे: ऑनलाइन मॅचमेकिंगमध्ये नवख्यानं कसं टिकावं

कोल्हापुरात रात्री साडेनऊनंतर व्हॅलोरंट किंवा बीजीएमआय हा गेम लावणाऱ्या नव्या पोराची तक्रार ठरलेली असते: “समोरचे लई भारी होते.” बऱ्याचदा ते तेवढे भारी नसतात. ते एकमेकांना ओळखत असतात आणि आपल्या बाजूचे पाच जण मिनिटभरापूर्वी सर्व्हरनं एकत्र आणलेले असतात. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा खंडोबा तालमीच्या फुटबॉल संघासमोर प्रेक्षकांतले चांगले खेळणारे अकरा जण उचलून उभे केले तर काय होईल, हे इथं कुणाला समजावून सांगायला नको. पायात दम असला तरी पास कुठं येणार हे त्यांना माहीत नसतं.

एकट्यानं खेळायला सुरुवात करणाऱ्यासाठी आणि पुढं स्वतःचा गट बांधू पाहणाऱ्यासाठी ही माहिती आहे. उदाहरणं मुख्यतः दोन गेमची आहेत. दोन्ही बंदुकांच्या लढाईचे. व्हॅलोरंट म्हणजे कॉम्प्युटरवरचा पाच विरुद्ध पाच, आणि बीजीएमआय म्हणजे मोबाइलवरचा, जास्तीत जास्त १०० जणांचा, चौघांच्या स्क्वॉडचा. शब्द तेच वापरलेत जे लॉबीत (सामन्याआधी खेळाडू जमतात तिथं) ऐकू येतात: एकटा आला तर सोलो, दोघे आले तर ड्युओ, पाच जण ठरवून आले तर फाइव्ह-स्टॅक, अनोळखी साथीदार म्हणजे रँडम.

सर्व्हर जोड कशी लावतो

मॅचमेकिंग म्हणजे हीच जोड. हे आधी समजून घ्या, नाहीतर पुढच्या सूचना नुसत्या पाठ होतील.

दिसणारी रँक आणि आतला आकडा वेगळे असतात. आतल्या आकड्याला एमएमआर म्हणतात आणि जोड मुख्यतः त्यावर लागते. या आकड्यांचं मूळ बुद्धिबळात आहे. अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन प्राध्यापकानं बांधलेली पद्धत अमेरिकन बुद्धिबळ संघटनेनं १९६० मध्ये आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं १९७० मध्ये स्वीकारली. त्या हिशेबात दोघांत १०० गुणांचा फरक असेल तर वरचढ खेळाडूकडून सरासरी ६४ टक्के गुणांची अपेक्षा असते, २०० चा फरक असेल तर ७६ टक्के, आणि ४०० ला ती ९१ वर जाते. प्रत्येक कंपनीची आजची सूत्रं वेगळी आहेत आणि बहुतेक जण ती उघड करत नाहीत, पण पाया हाच: अपेक्षेपेक्षा चांगला निकाल आला तर आकडा वर, वाईट आला तर खाली.

मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स लाइव्हसाठी केलेल्या ट्रूस्किल पद्धतीत खेळाडूमागे दोन आकडे असतात. एक कौशल्याचा अंदाज, दुसरा त्या अंदाजाबद्दलची अनिश्चितता. नव्या खात्याबद्दल अनिश्चितता खूप असते, म्हणून पहिल्या काही सामन्यांत आकडा जोरात वरखाली होतो. नव्या खेळाडूला एक सामना फार सोपा आणि पुढचा एकदम अंगावर येणारा लागतो, त्याचं कारण हेच. सर्व्हर अजून तुमची उंची मोजतोय.

आता संघाचा प्रश्न. समजा पाचही जण १५०० चे आहेत, सरासरी १५००. दुसऱ्या बाजूला चार जण १३५० चे आणि एक जण २१०० चा आहे. त्यांचीही सरासरी १५००. सर्व्हरनं नुसती सरासरी पाहिली तर ही काटाजोड ठरते, खेळायला बसलं की नाही. गटाचंही असंच आहे. ओळखीचे पाच जण त्याच सरासरीच्या अनोळखी पाचांपेक्षा जास्त जिंकतात. म्हणून बऱ्याच पद्धतींत गटाच्या आकड्यात थोडी भर घालून त्याला जरा वरच्या संघासमोर उभं करतात. २०१८ च्या ट्रूस्किल २ मध्ये खेळाडू स्क्वॉडमधून आलाय का, ही गोष्ट थेट गणितात घेतली आहे.

हे सगळं असूनही विषम जोड का लागते? प्रतीक्षेमुळे. क्यू (सामन्यासाठीची रांग) लावल्या लावल्या सर्व्हर जवळच्या आकड्याचे खेळाडू शोधतो. जसजशी सेकंदं जातात तसतशी तो अट सैल करत जातो. रात्री नऊ ते बारा भरपूर लोक असतात, त्यामुळे फाइव्ह-स्टॅकसमोर दुसरा फाइव्ह-स्टॅक किंवा निदान तीन अधिक दोन अशी जुळणी सापडते. पहाटे तीनला तोच स्टॅक थांबून थांबून शेवटी सुट्या पाचांवर येऊन आदळतो. नवख्यानं पहाटे रँक्ड (ज्यात रँक वरखाली होते ते सामने) खेळू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. झोपेचा मुद्दा वेगळाच.

चौघांवर बंदी का असते

पाचाच्या संघाची जुळणी अनेक प्रकारे होते: पाच सुटे, दोन अधिक तीन सुटे, दोन अधिक दोन अधिक एक, तीन अधिक दोन, तीन अधिक दोन सुटे, किंवा पूर्ण पाच. व्हॅलोरंटच्या कॉम्पिटिटिव्ह, म्हणजे रँक्ड, क्यूमध्ये एक, दोन, तीन किंवा पाच जण जाऊ शकतात, चार नाहीत. लीग ऑफ लेजंड्स या पाच विरुद्ध पाचच्या दुसऱ्या गेममध्ये गटांसाठी जो फ्लेक्स क्यू आहे, तिथंही हाच नियम आहे. चार मित्र असले की पाचवा उपरा ठरतो. त्याचा आवाज म्यूट होतो, हरल्याचं खापर त्याच्यावर फुटतं, आणि चौघांनी मिळून त्याला बाहेर काढायला मत टाकलं तर त्याच्या बाजूनं बोलायला कुणी नसतं.

कंपन्यांनी हे ठेचा खातच शिकलंय. लीग ऑफ लेजंड्समध्ये २०१६ साली एकट्यांना आणि वेगवेगळ्या आकाराच्या गटांना एकाच रँक्ड क्यूमध्ये आणलं गेलं. एकट्या खेळाडूंनी एवढी ओरड केली की २०१७ च्या हंगामात सोलो/ड्युओ क्यू परत आणावा लागला. आजही त्या क्यूमध्ये दोघांपेक्षा जास्त जण एकत्र जाऊ शकत नाहीत. ज्या गेममध्ये असा वेगळा क्यू आहे, तिथं एकट्यानं डोळे झाकून तोच निवडावा.

व्हॅलोरंटमध्ये असा वेगळा क्यू नाही. तिथं दोघा-तिघांच्या गटासाठी रँकच्या अंतराची मर्यादा असते. पाच जण असतील तर अंतराची अडवणूक नसते, पण अंतर फार असेल तर जिंकून मिळणारे आरआर (रँकचे गुण) कापले जातात. म्हणजे भारी दोस्ताच्या पाठीवर बसून रँक चढायचा जो बेत असतो, त्याची मजुरी तिथं अर्धवटच मिळते.

पहिली पायरी: लाइन तपासा

गटापुढं हरण्याचं खरं कारण कधी कधी राउटरमध्ये असतं. व्हॅलोरंटचा भारतातला सर्व्हर मुंबईत आहे. कोल्हापुरातून चांगल्या फायबरवर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) साधारण २० ते ४० मिलिसेकंदांत यायला हवा. सेटिंगमध्ये पिंग आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवणारी माहितीची पाकिटं) दोन्ही पडद्यावर दिसतील असं करा. पिंग ६० वर स्थिर असेल तर खेळता येतं. ३० वरून अचानक १८० वर उड्या मारत असेल तर येत नाही.

उड्या मारण्याचं नेहमीचं कारण वेग कमी असणं हे नसतं. गेमला १ एमबीपीएससुद्धा पुरतो. घरात कुणीतरी मोबाइलचे फोटो क्लाउडवर चढवत असतं आणि अपलोडची वाट तुंबते, तेव्हा गेमची पाकिटं मागं रांगेत उभी राहतात. खेळायच्या वेळी बॅकअप थांबवा. कॉम्प्युटरला केबल लावा. मोबाइल असेल तर ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय वापरा आणि राउटरच्याच खोलीत बसा, कारण जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून ते पलीकडं जेमतेम पोचतं.

पावसाळ्यात इथं वीज क्षणभर जाऊन येते. तेवढ्यात राउटर बंद पडून परत सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात तुमच्या नावावर सामना सोडल्याची नोंद होते. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात. ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून तेवढ्याच क्षमतेचा छोटा राउटर-यूपीएस घ्या. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्ही त्यावर जोडा. नुसता राउटर जिवंत ठेवून उपयोग नाही.

दुसरी पायरी: क्यू निवडताना बटणं नीट बघा

बीजीएमआयमध्ये नवख्याची सगळ्यात मोठी चूक स्टार्टच्या आधीच होते. मोड निवडायच्या पडद्यावर सोलो, ड्युओ, स्क्वॉड असे पर्याय असतात आणि साथीदार आपोआप जोडायचे की नाही याची वेगळी खूण असते. स्क्वॉड निवडून ती खूण काढलेली राहिली तर तुम्ही एकटेच चौघा-चौघांच्या स्क्वॉडमध्ये उतरता. व्हिडिओत दिसणारं ‘सोलो व्हर्सेस स्क्वॉड’ ते हेच, फरक एवढाच की व्हिडिओवाला मुद्दाम गेलेला असतो. विमानात डाव्या बाजूला फक्त तुमचंच नाव दिसलं तर समजा, खूण राहिली.

सुरुवातीच्या टिअरमध्ये (रँकच्या पायरीत) बॉट, म्हणजे कॉम्प्युटरनं चालवलेले खेळाडू, बरेच असतात. पहिल्या दिवसांत दहा-बारा किल मिळाले म्हणून लगेच रँक ढकलायला जाऊ नका. वरच्या टिअरला गेलात की बॉट कमी होतात आणि ठरवून येणारे गट वाढतात.

व्हॅलोरंटमध्ये कॉम्पिटिटिव्ह उघडायला खातं २० व्या लेव्हलला न्यावं लागतं. ती अट शिक्षा समजू नका. अनरेटेडमध्ये (रँक नसलेल्या सामन्यांत) तीनच नकाशे आणि दोनच एजंट (खेळायची पात्रं) पक्के करा. नकाशावरच्या जागांची नावं पाठ असणं नेमबाजीइतकंच मोलाचं आहे, हे गटासमोर पहिल्यांदा हरलात की कळतं.

तिसरी पायरी: लॉबीतली पहिली तीस सेकंदं

माइक चालू करून एक वाक्य बोला. “हाय, माइक चालू आहे, मी बी साइट बघतो,” एवढं हिंदीत पुरे. मुंबई सर्व्हरवर पंजाबपासून केरळपर्यंतचे लोक असतात, त्यामुळे कामापुरती हिंदी आणि नकाशावरची इंग्रजी नावं हीच चलनी भाषा. “आरं डावीकडनं दोघं आल्यात” हे ऐकायला झकास, पण चंदीगडच्या रँडमला त्यातलं काही कळत नाही. शिवाय ‘डावीकडनं’ म्हणजे कुणाच्या डावीकडनं?

बोलायचा क्रम पक्का ठेवा: जागा, संख्या, नुकसान. “ए मेन, दोन, एकाला ८४.” बस. व्हॅलोरंटमध्ये अंगावर १०० आणि जड चिलखताचे ५० मिळून १५० होतात, म्हणजे ८४ लागलेल्याला डोक्यात बंदुकीची एक गोळी किंवा अंगावर दोन बस्स आहेत. मेल्यावर मेलेल्याची कहाणी सांगायची नाही. जिवंत माणसाला पावलांचा आवाज ऐकू यायला हवा.

माइक नसेल तर नकाशावर पिंग टाका, म्हणजे जागेची खूण करा; लाइनचा पिंग वेगळा. दोन्ही नसेल तर रँक्ड खेळू नका, कारण तेव्हा तुमचा संघ साडेचारचा असतो.

चौथी पायरी: समोर टोळी आहे का, ते ओळखा

बरेच गेम समोरच्या संघातले गट दाखवत नाहीत. खुणा मात्र असतात. नावांच्या आधी एकच टॅग. एक मेला की दोन-तीन सेकंदांत मारणाऱ्याचाही मुडदा पडतो, आणि हे पुन्हापुन्हा होतं. सगळे एकाच फेरीत पैसे वाचवतात आणि एकाच फेरीत खरेदी करतात. धूर पडला की त्याच सेकंदाला फ्लॅश (डोळे दिपवणारा झोत) येतो आणि त्यामागून तिघं. अशा तीन-चार फेऱ्या दिसल्या की समोर गट आहे हे धरून चाला.

मग काय बदलायचं? एकट्यानं पुढं जाऊन डोकावणं थांबवा. गटासमोर तुमचा एक किल म्हणजे बहुतेक एकास एक अदलाबदल असते आणि अशा अदलाबदलीत ते पटाईत असतात. त्यापेक्षा तुमच्या संघातला त्यातल्या त्यात शहाणा माणूस शोधा. बोलतो तो, किंवा निदान पिंग टाकतो तो. त्याच्या मागं चार-पाच पावलं राहा. तो पडला तर मारणारा अजून वळलेला नसतो, त्याच क्षणी तुम्ही दिसला पाहिजे. दहा पावलं मागं असाल तर उशीर झाला, एक पाऊल मागं असाल तर दोघांना एकाच फवाऱ्यात उडवतील.

पाचवी पायरी, व्हॅलोरंटची: पैसे एकत्र खर्च करा

गट आणि सुटे यांच्यातला फरक नेमबाजीपेक्षा दुकानात जास्त दिसतो, म्हणून इथं जरा थांबू.

पहिल्या फेरीत प्रत्येकाला ८०० क्रेडिट मिळतात. फेरी हरली तर १९००, लागोपाठ दुसरी हरली तर २४००, तिसरी हरली तर २९००. जिंकली तर ३०००. किलला २०० वेगळे. वँडल किंवा फँटम ही बंदूक २९०० ला आणि जड चिलखत १००० ला, म्हणजे पूर्ण तयारीला ३९००, आणि त्यावर एजंटच्या करामती.

आता पिस्तूल फेरी, म्हणजे पहिली फेरी, हरलात आणि ८०० उडालेत असं धरा. हातात १९००. गट काय करतो? दुसरी फेरी जवळपास रिकाम्या हातानं खेळतो, हरतो, आणि तिसऱ्या फेरीला प्रत्येकाकडं १९०० अधिक २४०० असे ४३०० असतात. पाचही जण पूर्ण तयारीत. पाच सुटे काय करतात? दोघं घाईनं १६०० ची स्पेक्टर बंदूक घेतात, तिघं वाचवतात. फेरी हरतातच, कारण पाचासमोर दोघंच खरे लढलेले असतात. तिसऱ्या फेरीला त्या दोघांकडं ३०० अधिक २४०० म्हणजे २७००. आता तिघं तयार, दोघं उघडे. तिसरीही जाते. अशा रीतीनं एका घाईच्या खरेदीत दोन फेऱ्या हातच्या जातात, आणि पुढं स्कोअरबोर्ड बघून सगळे म्हणतात की समोरचे लई भारी होते.

उपाय सोपा आहे आणि एकट्यालाही जमतो. दुकानाच्या पडद्यावर पुढच्या फेरीला कमीत कमी किती क्रेडिट असतील हे लिहिलेलं असतं. तो आकडा ३९०० च्या खाली जाणार असेल तर खर्च थांबवा. फेरीच्या सुरुवातीला, खरेदीच्या तीस सेकंदांतल्या पहिल्या पाचातच “सेव्ह” किंवा “बाय” एवढा एक शब्द बोला. बहुतेक रँडम कुणीतरी ठरवायची वाट बघत असतात. जास्त क्रेडिट असतील तर कमी असलेल्याला बंदूक घेऊन द्या. किमती पॅचनुसार बदलू शकतात, हिशेब बदलत नाही.

दुसरी जागा म्हणजे स्पाइक (हल्ला करणारे लावतात तो बॉम्ब) लावल्यानंतरची. स्पाइक ४५ सेकंदांनी फुटतो, निकामी करायला ७ सेकंद लागतात. म्हणजे ३८ व्या सेकंदापर्यंत हात लावला तर चालतं. सुटे खेळाडू इथं घाबरून एकेक करून आत जातात आणि एकेक करून मरतात. दहा सेकंद थांबा, तिघं जमा, दोन वेगळ्या वाटांनी एकदम आत शिरा. अर्ध्यावर म्हणजे साडेतीन सेकंदांवर सोडलं तरी तेवढं काम जमा राहतं, म्हणून एकानं अर्धं करून बाजूला होणं हीसुद्धा चाल आहे.

सहावी पायरी, बीजीएमआयची: एकटे असाल तर नॉक नाही

स्क्वॉडमधला माणूस पडला की तो आधी नॉक होतो, गुडघ्यावर सरकत राहतो, आणि साथीदार साधारण दहा सेकंदांत त्याला उठवतो. तुम्ही एकटे उतरला असाल तर तुम्हाला ही सोय नाही, थेट मृत्यू. म्हणून एकट्यानं स्क्वॉडशी लढताना हिशेब असा: एक नॉक करा आणि लगेच जागा बदला. उरलेल्या तिघांपैकी एकाला तरी उठवायला बसावंच लागतं. त्या दहा सेकंदांत लढायला दोघंच उरतात. नॉक झालेल्याला संपवायला गोळ्या घालत बसलात तर तुमची जागा उघडी पडते.

किलफीड (कुणी कुणाला पाडलं याची पडद्यावर येणारी यादी) वाचायला शिका. स्क्वॉडचा शेवटचा उभा माणूस पडला की नॉक होत नाही, तो आणि त्याचे नॉक झालेले साथीदार एकदम मरतात. त्यामुळे तुमची गोळी लागून माणूस नॉक न होता थेट मेला, तर त्या स्क्वॉडचं आता कुणी उभं नाही. क्रेट (मेलेल्याच्या सामानाची पेटी) लुटायला तेव्हाच जा. नॉक झाला तर त्या स्क्वॉडचा निदान एक जण अजून उभा आहे, हे पक्कं.

बॅगेत ५.५६ जातीच्या बंदुकीच्या गोळ्या १८० ते २०० ठेवा, त्याहून जास्त नको. उरलेल्या जागेत तीन-चार स्मोक (धुराचे गोळे) आणि दोन फ्रॅग (हातबॉम्ब). नवखे ३०० गोळ्या आणि शून्य स्मोक घेऊन फिरतात आणि माळरानात अडकून मरतात. फर्स्ट एड किटला ६ सेकंद लागतात आणि त्यानं ७५ टक्क्यांपर्यंतच भरतं, वरचं एनर्जी ड्रिंक आणि पेनकिलरनं. लढाई चालू असताना आडोशाशिवाय ती सहा सेकंदं मिळत नाहीत.

तिघं मित्र आणि तुम्ही चौथे रँडम, असं झालं तर? उडी मारताना त्यांच्यापैकी एकाला फॉलो करा, पण खाली येताना सोडा आणि शेजारच्याच इमारतीत उतरा. एकाच घरात चौघं उतरले की चौथ्याच्या वाट्याला पिस्तूलही येत नाही. साधारण ५० ते १०० मीटरच्या आत राहा. पहिल्या लढाईत त्यांच्यातल्या एकाला स्मोक टाकून उठवलंत तर पुढच्या सामन्याचं आमंत्रण बहुधा येतंच. तिघं आपसात त्यांच्याच भाषेत बोलत असतील तर नकाशावरच्या खुणा बघत राहा. हीच गोष्ट उलटीही लागू आहे: तुम्ही तिघं कोल्हापूरकर असाल आणि चौथा परका, तर शत्रू दिसल्यावर तरी हिंदीत बोला.

सातवी पायरी: आधी दुसरा शोधा, पाच नंतर

एकदम पाच जमवायला जाऊ नका. पाचांचा गट जमवणं म्हणजे पाच जणांचं जेवण, क्लास, घरच्यांचा ओरडा आणि चार्जिंग एकाच वेळी जुळवणं. ड्युओनं अर्धं काम होतं: मागं उभा राहणारा एक माणूस नक्की असतो. चांगला वाटलेल्या रँडमला सामना संपल्या संपल्या विनंती पाठवा, दुसऱ्या दिवशी तो तुम्हाला विसरतो.

दोघांचे तिघं झाले की पुढची उडी थेट पाचावर, कारण चौघांना व्हॅलोरंटच्या रँक्डमध्ये दार बंद आहे. आणि पाच झालात की लक्षात ठेवा, सर्व्हर तुमच्यासमोर जास्त करून गटच उभे करणार. नवे पाच मित्र पहिल्याच आठवड्यात सलग हरतात ते यामुळे. एकट्यानं मिळवलेल्या रँकवर गटाची जोड लागते, गटाची सवय मात्र अजून लागलेली नसते.

सवय लावायला आठवड्यातून दोन बैठका पुरतात, प्रत्येकी अडीच तासांच्या. पहिली १५ मिनिटं नेमबाजीचा सराव. मग तीन सामने, एकेक साधारण ४० मिनिटांचा. शेवटची १५ मिनिटं एकाच हरलेल्या फेरीवर बोलणं: कोण कुठं होतं, कुणाला काय दिसलं, ते कुणी सांगितलं नाही. पूर्ण सामन्याचं पोस्टमॉर्टेम करू नका, भांडणं होतात.

फेरीचा निर्णय एकच जण घेईल. तो सगळ्यात चांगला नेमबाज असायची गरज नाही, उलट नसलेला बरा, कारण नेमबाज मान खाली घालून लढत असतो. निर्णय चुकला तरी पाचही जण एकत्र चुका. डिस्कॉर्ड या बोलायच्या ॲपवर दाबून बोलायचं बटण ठेवा, नाहीतर कुकरच्या शिट्ट्या आणि पंख्याची घरघर सगळ्यांच्या कानात. पाच जण एकाच कॅफेत शेजारी बसला असाल तर डिस्कॉर्ड बंदच ठेवा. आवाज दोनदा येतो आणि दुसरा उशिरा येतो.

सहावा माणूस ठरवून ठेवा. शिवाजी विद्यापीठाच्या परीक्षा आल्या की पाचातले दोघं गायब होतात आणि उरलेले तिघं रँडम घेऊन खेळतात. सहावा असेल तर निदान गट सुरू राहतो. त्याला महिन्यातून दोनदा तरी खेळवा, नुसता राखीव ठेवलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या गटात गेलेला असतो.

जिथं फसगत होते

भारी मित्र नवीन खातं उघडून तुमच्याबरोबर खालच्या रँकमध्ये खेळतो, याला स्मर्फिंग म्हणतात. तेव्हा छान वाटतं. पण तुमचा आतला आकडा त्याच्या जोरावर वर जातो, आणि तो नसेल त्या दिवशी तुम्ही एकटे अशा लोकांसमोर उभे राहता ज्यांच्याशी तुमची जोडच लागत नाही. दुसऱ्याला आयडी-पासवर्ड देऊन रँक वाढवून घेणं तर आणखी वाईट: खातं बंद होऊ शकतं, आणि स्किन्ससकट (बंदुकांच्या विकत घेतलेल्या सजावटीसकट) ते परत न मिळालेले लोक कमी नाहीत.

टेलिग्राम-व्हॉट्सॲपवर “५० रुपये एंट्री, जिंकणाऱ्या स्क्वॉडला ५००” अशा कस्टम रूमचे (खासगी सामन्यांचे) निरोप फिरतात. रूमचा आयडी पाठवायच्या आधी यूपीआयवर पैसे मागतात. कधी आयडी येतच नाही, आणि कधी आलाच तर आत आयोजकाचाच जमलेला गट बसलेला असतो. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली आहे आणि ई-स्पोर्ट्स वेगळे काढले आहेत. गल्लीतली ही रूम म्हणजे ई-स्पोर्ट्स नव्हे. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितका पैसा पुढच्या खात्यात सरकतो.

आणि निकालांची नोंद ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एकट्यानं किती जिंकले, ड्युओत किती, गटात किती, असे वेगळे रकाने करा, पण २० सामन्यांवर निष्कर्ष काढू नका. बरोबरीच्या जोडीतसुद्धा २० पैकी ८ किंवा १२ विजय निव्वळ योगायोगानं येतात. प्रत्येक रकान्यात ५० सामने भरू द्या. तोपर्यंत विजयापेक्षा दुसरा आकडा बघा: तुम्ही मेल्यावर तीन सेकंदांत तुमच्या साथीदारानं मारणाऱ्याला किती वेळा टिपलं. हा आकडा दर आठवड्याला वाढत असेल तर खेळताना तुमच्या दोघांतलं अंतर बरोबर आहे. वाढत नसेल तर पुढच्या बैठकीत जोड्या बदलून बघा.